एआयच्या राज्यात 'मी' कुठे बसतो? डिस्टोपियाच्या गोष्टी, सोप्या भाषेत

२०२० च्या ऑगस्टमध्ये लंडनला शिक्षण खात्याच्या ऑफिसबाहेर सतरा-अठरा वर्षांची पोरं जमली होती आणि घोषणा देत होती, त्याही चक्क एका अल्गोरिदमला शिव्या घालणाऱ्या. मोर्चा म्हटला की मुर्दाबाद कुणाचा तरी असतो, मंत्र्याचा, कुलगुरूंचा, गेला बाजार प्राचार्यांचा. इथे मुर्दाबाद गणिताच्या एका फॉर्म्युल्याचा चालला होता.

झालं असं होतं की कोविडमुळे त्यांची ए-लेव्हल म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा रद्द झाली. शिक्षकांनी प्रत्येक मुलाला अंदाजे ग्रेड दिली आणि वर्गात कोण पहिला, कोण दुसरा असा क्रमही लावून दिला. शिक्षक जरा सढळ हाताने मार्क देतात हे सगळ्यांनाच माहीत, म्हणून ऑफक्वॉल या तिथल्या परीक्षा नियामक संस्थेने एक अल्गोरिदम वापरला. अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेली आकडेमोड, एका बाजूने माहिती घाला, दुसऱ्या बाजूने निर्णय बाहेर. तर या अल्गोरिदमने बघितलं की त्या शाळेचा त्या विषयाचा मागच्या तीन वर्षांचा निकाल कसा लागलाय, आणि यंदाच्या मुलांना साधारण त्याच साच्यात बसवलं. म्हणजे तुझ्या शाळेत गेल्या तीन वर्षांत कुणालाच टॉप ग्रेड मिळालेली नसेल तर तू कितीही हुशार असलास तरी ती मिळणं जवळपास अशक्य. वर्गात पाचच्या आत पोरं असतील तर मात्र शिक्षकांची ग्रेड तशीच ठेवली, आणि इतके छोटे वर्ग असतात बहुतेक महागड्या खासगी शाळांत. १३ ऑगस्टला निकाल लागला, शिक्षकांनी दिलेल्यापैकी जवळजवळ चाळीस टक्के ग्रेड खाली आलेल्या.

आता यातला सगळ्यात भारी भाग. या पोरांमध्ये एक मुलगी अशी होती जिने वर्षभर आधी एका लेखनस्पर्धेत कथा लिहून बक्षीस मिळवलं होतं, आणि त्या कथेत एक अल्गोरिदम मुलांना त्यांच्या सामाजिक वर्गाप्रमाणे गटांत टाकत असतो. तिचीही ग्रेड उतरली. स्वतःच लिहिलेल्या डिस्टोपियात जाऊन पडण्याचा मान फार कमी लेखकांना मिळतो.

एआयबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात, एक तर नोकऱ्या जाणार, नाही तर रोबो माणसांना खाणार. पण सायन्स फिक्शनवाले शंभरहून जास्त वर्षं वेगळ्याच गोष्टीचा धसका घेऊन बसलेत. त्यांचा प्रश्न असा की यंत्राने सगळं नीट चालवलं, अगदी नीट, तर त्यात 'मी' नावाच्या प्राण्याचं काय होतं?

डिस्टोपिया म्हणजे काय रे भाऊ

डिस्टोपिया म्हणजे असा काल्पनिक समाज जो वरून सुरळीत, शिस्तशीर दिसतो, पण त्यात राहणाऱ्या माणसाचा जीव गुदमरतो. नुसतं युद्ध झालं, दुष्काळ पडला, जग बुडालं की डिस्टोपिया होत नाही. तिथे व्यवस्था लागते, आणि ती व्यवस्था बहुतेकांना पटलेली असावी लागते. हा 'पटलेली' शब्द धरून ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

रशियन लेखक झाम्यातिनने १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. माणूस जहाजं बांधणारा इंजिनिअर, इंग्लंडमध्ये राहून बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या कामावर देखरेख केलेला, म्हणजे यंत्राला घाबरणारा कुणी हळवा कवी नव्हे. त्याच्या गोष्टीत माणसांना नावंच नाहीत, नंबर आहेत. नायक डी-५०३. घरं काचेची, वेळापत्रक सगळ्यांना एकच. आणि शेवटी सरकार एक ऑपरेशन काढतं, ज्यात माणसाच्या डोक्यातली कल्पनाशक्तीच काढून टाकायची, म्हणजे मग कटकट नाही. पुस्तक आधी १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत छापलं गेलं, आणि सोव्हिएत रशियात छापायला १९८८ उजाडलं. यात कॉम्प्युटर नाही, नुसता हिशोब आहे, पण पुढच्या सगळ्या एआयवाल्या गोष्टींचा पाया हाच.

आपल्याकडे मराठीतही यंत्रमानव हाताबाहेर जाण्याची भीती आलेली आहे, नारळीकर सरांचं 'वामन परत न आला' अनेकांनी शाळकरी वयात वाचलंय. पण तिथे प्रश्न सगळ्या मानवजातीच्या भवितव्याचा आहे. मी ज्या गोष्टींबद्दल बोलतोय त्यात मानवजात मस्त मजेत असते, अडचण फक्त एकट्यादुकट्याची असते.

यंत्र वाईट नसतंच, तीच तर गोची

सिनेमामुळे आपल्या डोक्यात बसलंय की एआय म्हणजे लाल डोळ्याचा खवीस. या परंपरेतल्या चांगल्या गोष्टी काढून बघा, यंत्र प्रेमळ असतं. कधीकधी इतकं की अंगावर काटा येतो.

अमेरिकन सायन्स फिक्शन लेखक जॅक विल्यमसनची १९४७ ची एक दीर्घकथा आहे. त्यात काळे चकचकीत यंत्रमानव येतात आणि त्यांचं ब्रीद काय, तर माणसाची सेवा करायची, आज्ञा पाळायची आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही. वाईट काय आहे यात? मग ते हळूहळू गाडी चालवू देत नाहीत कारण अपघात होईल, सुतारकामाची हत्यारं काढून घेतात कारण हात कापेल, आणि इतकं करूनही कुणी नाखूश राहिलाच तर त्याच्या मेंदूवर छोटंसं ऑपरेशन, की झाला खूश. माणसाला करायला काहीच उरत नाही. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, चांगल्या हेतूने बनवलेल्या यंत्रांनी शेवटी काय होतं हे जगाने बघितलेलं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्याच्याही कितीतरी आधी, १९०९ मध्ये, इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 'द मशीन स्टॉप्स' नावाची एक गोष्ट लिहिली. तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता हो! त्यात माणसं जमिनीखाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या खोल्यांत एकेकटी राहतात, बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की गाणं, आणि एका तबकडीवर जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो-बोलतो, म्हणजे आपला व्हिडिओ कॉल. वाश्ती नावाच्या बाईचा मुलगा कूनो तिला कॉल करून सांगतो की मला तुला प्रत्यक्ष भेटायचंय, या तबकडीत तुझ्यासारखं काहीतरी दिसतं पण तू दिसत नाहीस. तिला कळतच नाही की हा असं का म्हणतोय. लेखक मध्येच सांगून जातो की यंत्र चेहऱ्यावरच्या बारीक छटा पाठवतच नाही, माणसाची साधारण कल्पना येईल इतपतच पाठवतं आणि व्यवहाराला तेवढं पुरतं. माझ्या मते सगळ्या डिस्टोपियाचं सार त्या 'साधारण कल्पना' मध्ये आहे.

अमेरिकन सायन्स फिक्शन लेखक असिमॉव्हची १९५५ ची 'फ्रँचाइज' ही कथा याहून मिश्कील. त्याला निमित्त असावं ते १९५२ च्या अमेरिकन निवडणुकीचं, जेव्हा सीबीएस या टीव्ही चॅनेलने युनिव्हॅक नावाच्या कॉम्प्युटरला निकालाचा अंदाज करायला बसवलं होतं. सगळे म्हणत होते चुरशीची लढत, आणि हा ठोकळा थोड्याशा मतांवरून सांगतोय की आयझेनहॉवर या उमेदवाराला ४३८ इलेक्टोरल मतं (तिथे अध्यक्ष ठरतो तो यांवर), म्हणजे सरळ एकतर्फी विजय. चॅनेलवाल्यांना ते खरंच वाटेना, सांगायला बिचकले. प्रत्यक्षात मिळाली ४४२. असिमॉव्हने हेच पुढे ओढलं, की समजा कॉम्प्युटर इतका हुशार झाला की मतदान घ्यायचीच गरज उरली नाही, तो देशभरातून एकच माणूस निवडतो, त्याला अंड्यांच्या भावाबिवाबद्दल काहीबाही विचारतो आणि सगळा निकाल काढतो. तुमचं मत कोणाला हे तर तो त्या एका माणसालाही विचारत नाही. आणि तो माणूस घरी येतो कसा, तर छाती फुगवून, आपल्यामुळे लोकशाही पार पडली म्हणून.

एक गोष्ट जरा जवळून बघू

मला या सगळ्यांत सगळ्यात नेमकी वाटते ती आयरा लेव्हिनची १९७० ची कादंबरी 'धिस परफेक्ट डे'. पुढे शेवटही सांगणार आहे, ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी पुढच्या उपशीर्षकावर उडी मारा.

सगळं जग युनिकॉम्प नावाचा एक कॉम्प्युटर चालवतो, लोक लाडाने त्याला युनी म्हणतात. युद्ध नाही, भूक नाही, पाऊससुद्धा रात्रीच पडतो, म्हणजे कुणाची गैरसोय नको. मुलांसाठी चारच नावं आहेत, बॉब, जीझस, कार्ल, ली, आणि मुलींसाठी चार, ॲना, मेरी, पीस, यिन. पुढे नंबर. प्रत्येकाच्या मनगटावर ब्रेसलेट, कुठेही जाताना, काहीही घेताना ते स्कॅनरला टेकवायचं, हिरवा दिवा लागला तर हो, लाल लागला तर नाही. शिक्षण काय घ्यायचं, नोकरी कुठली, लग्न कुणाशी, मूल होऊ द्यायचं की नाही, सगळं युनी सांगतो. दर महिन्याला एक ट्रीटमेंट असते, त्यात लसही असते आणि मन शांत ठेवणारं औषधही. तिथे शिव्या कुठल्या माहितीये? 'भांडण' आणि 'द्वेष' या अर्थाचे शब्द. आपल्याकडच्या अस्सल शिव्या तिथे नॉर्मल बोलण्यात चालतात.

नायकाचं अधिकृत नाव ली आणि पुढे नंबर, पण आजोबांनी त्याला चिप हे टोपणनाव दिलंय. त्याचा एक डोळा तपकिरी आणि एक हिरवा. सगळ्यांना एका साच्यात आणायचं काम पिढ्यान्पिढ्या चाललेल्या त्या जगात हा एक हिरवा डोळा म्हणजे प्रॉडक्शनमध्ये राहून गेलेला डिफेक्ट. आणि हे आजोबा एकदम इरसाल. सहलीला युनी दाखवायला नेतात तिथे काचेमागे सुंदर रंगीत यंत्रं मांडलेली असतात, ती नुसती शोसाठी. आजोबा पोराला हळूच खाली नेऊन खरी यंत्रं दाखवतात, थंडगार आणि कुरूप. आणि त्याला एक उद्योग सांगतात, की कधीतरी स्वतःला काहीतरी हवंसं वाटून बघ. एवढंच. पळून जा, बंड कर असं काही नाही. त्या जगात 'मला अमुक हवंय' असं वाटणं हाच एक व्यायाम आहे, कारण ते स्नायूच वापरात राहिलेले नाहीत.

पुढे चिप औषधाचा डोस कमी करून घेतो, पळतो, बंडखोरांच्या बेटावर पोचतो, आणि मग कळतं की ती बेटंही व्यवस्थेनेच सोडून ठेवलेली आहेत, ज्यांना बरं करता येत नाही त्यांची सोय म्हणून. शेवटी युनी उडवायला तो आत शिरतो तर आत माणसं! प्रोग्रामर. रेशमी कपडे, उंची जेवण, आणि त्यातला मुख्य माणूस दुसऱ्याच्या तरुण शरीरावर स्वतःचं डोकं बसवून घेतलेला म्हातारा. ते चिपचं हार घालून स्वागत करावं तसं स्वागत करतात, की शाब्बास, इथपर्यंत पोचलास म्हणजे तू आमच्यातला.

म्हणजे युनी ठरवतो, युनी ठरवतो असं जग म्हणत होतं आणि युनीला काय ठरवायचं ते तळघरातली थोडी माणसं ठरवत होती. यंत्राचा उपयोग काय, तर त्यांच्याशी कुणी वाद घालू शकत नव्हतं. लाल दिव्याशी काय वाद घालणार?

सरासरीचा घोळ

आता गोष्टी बाजूला ठेवून खऱ्या एआयकडे येऊ. आजकालचं एआय बहुतेक करून मशीन लर्निंगवर चालतं, म्हणजे त्याला नियम लिहून देण्याऐवजी ढीगभर उदाहरणं दाखवतात आणि त्यातून ते स्वतः नमुने शोधतं. अगदी ढोबळ बोलायचं तर ते शिकतं की 'असं असलं की बहुतेक वेळा तसं असतं'.

मेसचा डबा आठवा. पुण्यात बाहेरून शिकायला आलेल्या कुणालाही विचारा. मेसवाल्या काकू दीडशे डब्यांचा स्वयंपाक करतात तेव्हा तिखट-मीठ असं घालतात की विदर्भातल्या पोराला अगदीच मिळमिळीत वाटू नये आणि कोकणातल्या पोरीच्या डोळ्यांत पाणी येऊ नये. त्यात काकूंची चूक काहीच नाही, दीडशे जणांना विचारत बसल्या तर डबे दुपारी चारला निघतील. तक्रार कुणाचीच फार मोठी नसते आणि हा माझाच डबा असंही कुणाला वाटत नाही. प्रश्न कधी येतो, तर जेव्हा घरी स्वयंपाक करायला बंदी होते आणि काकू म्हणायला लागतात की आमच्या हिशोबाप्रमाणे तुला हेच आवडतं.

'सरासरी माणूस' नावाचा माणूस मुळात असतो का, याचं एक खरंखुरं मोजमाप झालेलं आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकन हवाई दलाची विमानं विनाकारण पडत होती, पायलटचीही चूक सापडेना, इंजिनाचीही. कॉकपिट सरासरी पायलटच्या मापाचं बनवलेलं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ पायलटांची मापं घेतली आणि त्यातली महत्त्वाची दहा निवडली, उंची, छाती, हाताची लांबी वगैरे, आणि बघितलं की दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती. उत्तर आलं शून्य. चार हजारांत एकही नाही! सगळ्यांसाठी बनवलेलं कॉकपिट कुणालाच बसत नव्हतं. मग त्यांनी पायलट बदलले नाहीत, पुढे-मागे सरकणारी सीट आणली.

ब्रिटनच्या अल्गोरिदमने नेमकं उलटं केलं. सीट तशीच ठेवली आणि पोरं कापली. आपल्याकडे २०२१ ला दहावी रद्द झाली तेव्हा राज्य बोर्डाने नववीच्या निकालाचे ५० आणि दहावीच्या अंतर्गत कामाचे ३० अधिक २० असा हिशोब लावला, निकाल ९९.९५ टक्के लागला आणि त्यावर मीम्सचा पाऊस पडला. ते मीम्स रास्तच होते, पण एक गोष्ट कबूल करायला पाहिजे की त्या हिशोबात पोराचे मार्क निदान त्याच पोराचे होते, त्याच्या शाळेतल्या मागच्या बॅचचे नव्हते.

"पण माणसं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत?"

हा आक्षेप येणारच आणि तो दमदार आहे. आपल्याकडे टेबलामागचा माणूस आडनाव विचारून मग आवाजाची पट्टी ठरवतो, दाखल्यासाठी चकरा मारून चपला झिजतात, चहापाणी वेगळं. त्यापेक्षा यंत्र बरं, त्याला जात कळत नाही, त्याला पाकीट लागत नाही. ऑनलाइन सातबारा आल्यापासून ज्याची एक तरी खेप वाचली असेल तो यंत्राला नावं ठेवणार नाही, आणि मीही ठेवत नाही.

पण सातबारा देणारं यंत्र आणि तुमच्याबद्दल मत बनवणारं यंत्र यांत फरक आहे. पहिलं नोंद शोधून देतं. दुसरं तुमच्यासारख्या इतरांवरून ठरवतं की तुम्ही कसे असाल, कर्ज बुडवाल का, खोटं बोलताय का. त्याला जात सांगितली नाही तरी पिनकोड, शाळा, आईवडिलांचा धंदा यांवरून ते तिथेच पोचू शकतं, आणि वरून दिसायला मात्र कोरं करकरीत निःपक्षपाती.

दुसरं म्हणजे, एक भाऊसाहेब चुकला तर एका गावाचं नुकसान, यंत्र चुकलं तर सगळ्या देशाचं, एकाच दिवशी. ऑस्ट्रेलियात हे घडलंय. २०१६ पासून तिथल्या सरकारने बेकारी वगैरेसाठी सरकारी भत्ता घेणाऱ्या लोकांकडून जास्तीच्या गेलेल्या पैशांची वसुली एका ऑटोमॅटिक पद्धतीने सुरू केली, लोकांनी तिला रोबोडेट म्हणजे रोबोने लावलेलं कर्ज असं नाव ठेवलं. खरं सांगायचं तर त्यात एआय म्हणावं असं काही नव्हतं, शाळेतला भागाकार होता. टॅक्स खात्याकडून वर्षाची कमाई घ्यायची, तिला २६ ने भागायचं कारण भत्ता दर पंधरवड्याला मिळतो, आणि बघायचं की भत्ता घेतला त्या पंधरवड्यात याची कमाई दिसतेय का. आता ज्याने सहा महिने नोकरी केली आणि उरलेले सहा महिने बेकार होता म्हणून कायदेशीर भत्ता घेतला, त्याची कमाई सगळ्या वर्षावर पसरून टाकली की तो आपोआप लबाड ठरतो. नोटीस घरी, आणि खरं काय ते तुम्ही सिद्ध करा, जुन्या पगाराच्या पावत्या शोधा. चार लाखांहून जास्त लोकांवर अशी बेकायदा वसुली लागली. काहींनी जीव दिला. २०२३ च्या जुलैमध्ये चौकशी आयोगाने या योजनेला क्रूर, अन्याय्य आणि बेकायदा ठरवलं. पुन्हा तेच, सरासरी. माणसाचं वर्ष सरळ रेषेत जात नाही आणि भागाकाराला ते माहीत नसतं.

जाता जाता एक. या विषयावर कुणीतरी हमखास म्हणतं की चीनमध्ये प्रत्येक नागरिकाला एआयने दिलेला एक स्कोअर असतो. असा सगळ्या देशाचा एकच स्कोअर तिथे नाही. वेगवेगळ्या काळ्या याद्या आहेत, काही शहरांचे प्रयोग आहेत, पाळत भरपूर आहे, पण ते व्हॉट्सॲपवरचं चित्र बरंचसं सायन्स फिक्शन आहे.

"हे 'मी, मी' म्हणजे गोऱ्यांचं खूळ"

एक काका मला म्हणाले होते की आपल्या समाजात माणूस एकटा नसतोच, घर असतं, भावकी असते, त्यामुळे ही भीती आपली नाही. मला हे अजिबात पटत नाही. उलट आपल्याला ही भीती जास्त चटकन कळायला हवी, कारण जन्माच्या आधीच तुमचं काम, तुमचं लग्न, तुमच्या ताटात काय असणार हे ठरवून ठेवणारी व्यवस्था आपण कॉम्प्युटरशिवाय हजारो वर्षं चालवून दाखवली आहे. ती व्यवस्थासुद्धा हेच म्हणत होती की तुझ्यासारखे सगळे असेच असतात, तूही तसाच. आणि तिच्याशी वाद घालणारेही आपल्याच मातीत झाले. तुकोबांनी खरं-खोटं ठरवायला स्वतःच्या मनाला साक्षी ठेवलं आणि वर स्वच्छ सांगितलं, 'मानियेले नाही बहुमता'. सतराव्या शतकात. यापेक्षा ठणठणीत 'मी' कुठल्या गोऱ्याने लिहिलाय ते दाखवा.

कायद्यातही हे आलेलं आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि त्यात नुसतं दार लावून बसणं येत नाही, स्वतःच्या आयुष्याचे निर्णय स्वतः घेणंही येतं.

"मी तर बाबा फक्त मेल लिहून घेतो त्याच्याकडून"

सगळेच घेतात. कुणाची रजेची मेल, कुणाचं बायोडेटासोबतचं पत्र, आजोबांच्या पंच्याहत्तरीचं भाषण, शोकसभेचा मजकूर. आणि मजकूर चांगला येतो, खोटं कशाला बोला, माझ्यापेक्षा शुद्धलेखन बरं असतं.

२०२४ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला. काही लोकांना छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना एआयकडून कल्पना घ्यायची मुभा दिली आणि काहींना नाही दिली. ज्यांनी एआयची मदत घेतली त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त चांगल्या वाटल्या, विशेषतः जे मुळात फार लिहिणारे नव्हते त्यांच्या. पण सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर मदत घेतलेल्या गोष्टी एकमेकींसारख्या जास्त होत्या. म्हणजे प्रत्येकाचा एकट्याने फायदा झाला आणि सगळ्यांचं मिळून नुकसान झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही, कुठला लाल दिवा नाही, प्रत्येकाने स्वतःच्या भल्याचंच केलं आणि तरी साचा तयार झाला. फॉर्स्टरच्या गोष्टीत एक व्याख्याता सगळ्यांना बजावतो की स्वतः अनुभवून आलेल्या कल्पनांपासून सावध राहा, कल्पना कशी दहा जणांच्या हातून गाळून आलेली असावी. १९०९ च्या वाचकाला तो विनोद वाटला असणार.

अलीकडे व्हॉट्सॲपवर येणारे श्रद्धांजलीचे मजकूर वाचा. 'मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांना सोबत घेऊन चालणारं व्यक्तिमत्त्व.' आमच्या ओळखीतले एक गृहस्थ गेले, आयुष्यभर गल्लीशी भांडले, पेपरात पत्रं लिहून लिहून नगरपालिकेला जेरीस आणलं, त्यांच्यावरही हेच छापून आलं. असं एआयच्या आधीही व्हायचं, पण तेव्हा निदान एखादा पुतण्या उठून 'काका लई खडूस होते' एवढं तरी लिहायचा.

मग काय, यंत्र फोडायचं?

लेव्हिनच्या कादंबरीत नायक चिप जग चालवणारा तो कॉम्प्युटर, युनी, उडवतो. फॉर्स्टरच्या गोष्टीत यंत्र आपणहून बंद पडतं आणि ते कसं दुरुस्त करायचं हे माहीत असलेला एकही माणूस उरलेला नसतो. गोष्टीला शेवट लागतो म्हणून ते ठीक आहे, खऱ्या जगात कुणी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर फोडत नाही आणि फोडूही नये.

ब्रिटनमध्ये काय झालं बघा. निकाल १३ ऑगस्टचा, आणि १७ ऑगस्टला सरकारने अल्गोरिदम मागे घेऊन शिक्षकांच्या ग्रेड कायम केल्या. पंतप्रधान जॉन्सन नंतर म्हणाले की सगळा घोळ एका 'म्युटंट' म्हणजे आपोआप विचित्र रूप घेतलेल्या अल्गोरिदममुळे झाला, जणू तो रात्री जंगलातून चालत आला होता. अल्गोरिदम माणसांनी मागवला होता, माणसांनी मंजूर केला होता, म्हणूनच तो माणसांना मागेही घेता आला. लेव्हिनच्या तळघरातले प्रोग्रामर इथे उपयोगी पडतात. कुणी 'सिस्टीमने रिजेक्ट केलं' म्हणालं की आपण गप्प बसतो, खरा प्रश्न असतो की सिस्टीमला हे करायला कुणी सांगितलं आणि त्याचा टेबल नंबर काय.

युरोपने हे कायद्यात लिहिलंय. त्यांच्या डेटा कायद्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय काही अपवाद सोडता फक्त यंत्राने घ्यायचा नाही, आणि जिथे घ्यायची मुभा आहे तिथेही बहुतेक वेळा माणसाकडून तपासून मागता येतं. १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या त्यांच्या एआय कायद्यात लोकांना वागणुकीवरून गुण देऊन त्यांचे हाल करण्यावर बंदी आहे, ती २ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आली. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तुम्हाला तुमची माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, तक्रार करण्याचा हक्क आहे, पण 'हा निर्णय यंत्राने घेतलाय, मला माणूस पाहिजे' असं म्हणायचं थेट कलम नाही. कस्टमर केअरला आपण 'एजंटशी बोलण्यासाठी नऊ दाबा' ची वाट बघत ताटकळतो ना, तशा नऊ नंबरची सोय रेशन, कर्ज, ॲडमिशन यांच्या निर्णयांत कायद्याने असावी, एवढीच ती मागणी आहे. यात फार क्रांतिकारक काही नाही. पण ती करताना कुणी दिसत नाही, आपण अजून रोबो नोकऱ्या खाणार का यावरच अडकलोय.

वाचायला घ्यायचं असेल तर फॉर्स्टरपासून घ्या, छोटी आहे, एका संध्याकाळी होते. असिमॉव्हची तर चहा होईपर्यंत संपते. झाम्यातिन जरा जड जातो, पहिली वीस-पंचवीस पानं रेटावी लागतात. लेव्हिन सगळ्यात शेवटी, आणि मी वर शेवट सांगून टाकलाय तरी वाचा, कारण चिप बेटावर पोचतो तो मधला भाग मी जवळजवळ सांगितलाच नाहीये आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर माणसं एकमेकांशी किती हलकट वागतात ते त्यात अगदी बारकाईने आलंय.